लाल दोरा बांधलेली कळी

मोगरा उमलताना तुम्ही पाहिलाय का? उमललेला नाही विचारत. उमलताना. कळीचं फूल होताना, डोळ्यांदेखत. खरं सांगा, उगाच मान हलवू नका.

नाही पाहिला. तुम्ही बाजारातून गजरा आणता तो मिटलेल्या कळ्यांचा असतो. उशाशी कधीतरी उमलतो, सकाळी पिवळा पडतो. मधे काय झालं ते कोणालाच ठाऊक नसतं. गंमत अशी की ज्यांच्या घरात तीन पिढ्या मोगरा आहे, त्यांनीही ते पाहिलेलं नाही.

अकोल्यात जुन्या शहराच्या टोकाला देवीदासभाऊंचं घर आहे. माळ्याचं घर. पुढं अंगण, अंगणाला फाटक, आणि फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत मोगरा. या लोकांत कळी झाडावर ठेवत नाहीत. उजाडायच्या आत झाड रिकामं करायचं. उमललेल्या फुलाला बाजारात कुत्रं विचारत नाही. एखादी कळी नजरचुकीनं राहिलीच, तर झाडाजवळून जो जाईल तो जाता जाता खुडतो. पाहुणा असो की जावई असो. कोणाला सांगावं लागत नाही, हात आपोआप जातो. 'झाडावर फूल उमललं म्हणजे घरातली बाई झोपली,' असं त्यांच्यात बोललं जातं. फूल उमललं की दोष बाईचा. हे असलं शास्त्र पुरुषांनीच काढलेलं असणार, दुसरं कोण काढणार?

त्या घरातली बाई म्हणजे शकुन. देवीदासभाऊंची बायको. मी फूलबाजारात बसणाऱ्यांच्या ओट्यांसाठी भांडते, देवीदासभाऊ आमच्यातले. बैठका त्यांच्या अंगणात होतात, म्हणून मी शकुनला ओळखते. म्हणजे मला वाटायचं की ओळखते. चहा आणून देणाऱ्या बाईला आपण सगळेच असं ओळखत असतो.

शकुनची सासू जमुनाबाई. सगळे तिला बुढी म्हणतात, प्रेमानंच. बुढीला विसरण्याचा आजार आहे. आधी भांड्यांच्या जागा विसरली, मग माणसांची नावं, मग माणसंच. पाय मात्र चालायचं विसरले नाहीत. एकदा सकाळी निघाली ती रेल्वेच्या फाटकापाशी सापडली. पदरात कोणाच्या तरी बंगल्यातल्या जास्वंदीच्या कळ्या, ओंजळभर. "बाजार उठला का?" म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होती.

त्या दिवसापासून अंगणाच्या फाटकाला कुलूप आहे आणि किल्ली शकुनच्या कमरेला. किल्ली कमरेला म्हणजे मालकीण, असं तुम्हाला वाटेल. किल्ली जेलरच्याही कमरेला असते, आणि जेलरही आतच असतो.

देवीदासभाऊ अंधारात कळ्या घेऊन बाजारात जातात, दुपारी येऊन जेवतात, झोपतात, पुन्हा जातात. वाईट माणूस नाही. पण वाईट नसण्यानं बुढीचं लुगडं धुतलं जात नाही. धाकटा भाऊ शेखर अमरावतीला शाळामास्तर आहे. सहा महिने आई अकोल्याला, सहा महिने अमरावतीला, असं चारचौघांत ठरलं होतं. शेखरनं एकदा नेलीही. आठवड्याच्या आत परत. का? तर बुढीनं त्याच्या बायकोच्या, रागिणीच्या, कुंड्यांमधल्या गुलाबाच्या झाडून सगळ्या कळ्या तोडल्या. शेजारच्यांच्याही तोडल्या. तेव्हापासून शेखरचं एकच वाक्य ठरलेलं आहे, "मायले तिकडं करमत नाई." जिला आपण कुठं आहोत हेच कळत नाही, तिला करमत नाही हे याला अमरावतीत बसून कळतं.

शकुनची लेक प्रतीक्षा मेळघाटात, धारणीच्या दवाखान्यात नर्स आहे. एका खोलीत एकटी राहते. ती नोकरीला लागली तेव्हापासून शकुनची एक इच्छा आहे. धारणीला जायचं, लेकीची खोली पाहायची, तिच्या हातचा चहा प्यायचा, एखादा मुक्काम करून यायचं. बस. काशी नाही मागितली बाईनं. धारणी मागितली. पण फाटकाची किल्ली कोणाच्या कमरेला द्यायची, इथं येऊन गाडी अडते ती अडलेलीच आहे.

मागच्या दिवाळीत प्रतीक्षा घरी आली तेव्हा तिनं आईला एक व्हिडिओ दाखवला. मेळघाटातल्या डोंगरावरून ढग धावतायत, सावल्या धावतायत, सूर्य टपकन बुडतोय. फोन एका जागी ठेवायचा, तो थोड्या थोड्या वेळानं एकेक फोटो काढत राहतो, आणि सगळे एकापाठोपाठ दाखवले की अख्खी दुपार मिनिटात पळते. टाइमलॅप्स म्हणतात त्याला. शकुननं ते पुन्हा पुन्हा पाहिलं आणि म्हणाली, "असं माह्या मोगऱ्याचं होईन का वं?"

लेकीनं आपला काच तडकलेला जुना फोन आईला दिला आणि ती धारणीला गेली. मोगऱ्याला कळ्या धरल्या तशी शकुन सुरू झाली. ती त्याला टाइमलॅप्स म्हणत नाही. 'पळता पिच्चर' म्हणते.

पहिल्या पिच्चरमध्ये मोगरा अंगात आल्यासारखा घुमत होता. बुढीच्या खाटेशी लावलेल्या कूलरचा वारा! तिनं कूलर बंद केला, तर फोन तापून बंद पडला. अकोल्याचा उन्हाळा आहे बाप्पा, इथं माणूस बंद पडतो, फोनचं काय घेऊन बसलात. स्क्रीनवर सूचना आली की फोन थंड होऊ द्या. शकुन मला म्हणाली, "पाहा ताई, फोनची सुदिक काळजी असते कोणाले. मले नाई कोणी म्हटलं कधी, थंड हो म्हणून."

मग तिनं फुलं तोलायचा जुना तराजू काढला, त्याचं पारडं उलटं घालून त्यावर फोन उभा केला आणि मागं पाण्याचा माठ टेकवला. माठाच्या गारव्यानं फोन टिकला. मग वाळत घातलेल्या लुगड्याची सावली मधे आली. दोरी हलवली. मोगरा संध्याकाळच्या तोंडाशी उमलतो, नेमका तेव्हाच उजेड जातो, म्हणून खिडकीतून वायर काढून झाडाशी बल्ब टांगला. तर त्या दिवशी लाइन गेली. सासूला भरवता भरवता, तिचं पांघरूण बदलता बदलता, बाई हे सगळं करत होती. कोणासाठी? कोणासाठीच नाही. स्वतःसाठी. त्या घरात स्वतःसाठी केलेली ती पहिलीच गोष्ट असावी.

आणि सगळं जुळून आलं, तेव्हा पिच्चरमध्ये हात आला.

कळी फुगतेय, फुगतेय, बुडाशी सैल पडतेय, आणि एका बाजूनं हात येतो अन् कळी गायब. हातात पितळेचं कडं. देवीदासभाऊ!

"म्या काहून तोडीन?" भाऊ म्हणाले.

"मंग हा कोणाचा हात होय? तुमच्या आज्याचा?"

भाऊंनी पिच्चर पाहिला, स्वतःचं कडं पाहिलं, आणि डोकं खाजवलं. त्यांना खरंच आठवत नव्हतं. झाडाजवळून गेले, एवढंच.

शकुननं पुढच्या कळीच्या देठाला लाल दोरा बांधला आणि सगळ्यांना बजावलं, दोरा दिसला की हात लावायचा नाही. तर शेजारीण कढीपत्ता मागायला आली. पिच्चरमध्ये तिचा हिरव्या बांगड्यांचा हात आला. "राहिली होती वं एक, मनलं तोडून टाकू!" वर उपकार केल्याचं तोंड. तिला समजावलं. मग बुढी.

बुढीपुढं लाल दोरा काय नि पिवळा दोरा काय. तिला जेवली की नाही ते आठवत नाही, पण कळी कुठं राहिली ते पाठ फिरवूनही कळतं. खाटेवरून उठायची, नेमकी त्याच झाडाशी जायची, खुडायची, आणि शकुनच्या तळहातावर ठेवून नव्या सुनेला सांगावं तसं सांगायची, "ठेवू नये वं झाडावर कयी. बाजार हासते."

"नाई ठेवत, आत्याबाई," शकुन म्हणायची. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवायची.

चैत्र असाच गेला. एकदा मी गेले तर म्हणाली, "ताई, लोकांजवळ मोगऱ्याचे पिच्चर असतात. माह्याजवळ हातांचे हायेत." आणि एकामागून एक दाखवले. मी हसले. मग माझं लक्ष कळीवरून मागं गेलं. कळीच्या मागं अंगण होतं आणि अंगणाच्या शेवटी फाटक. दूधवाला आला, गेला. देवीदासभाऊ गेले, आले, गेले. शेजारीण आली, गेली. एका पिच्चरमध्ये मी स्वतः पिशवी खांद्याला लावून भर्रकन बाहेर पडले. आणि शकुन? चूल, खाट, नळ, खाट, फाटकापर्यंत, परत खाट. मागावरच्या धोट्यासारखी. फाटकाच्या पलीकडं एकदाही नाही. कोणत्याच पिच्चरमध्ये नाही.

माझं डोकं सटकलं. मला राग यायला वेळ लागत नाही. म्हटलं, "वहिनी, हे आत्ताच्या आत्ता तुमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाका. शेखरच्या शाळेतल्या लोकांनाही पाठवा. पाहू दे त्याच्या सोबतच्या मास्तरांना. पुरावा आहे हा!"

ती फोन पुसत म्हणाली, "मी मोगऱ्याचा पिच्चर काढून राहिली, ताई. माह्या नाई."

"अहो पण धारणीला जायचंय ना तुम्हाला?"

"जायचं हाय." एवढंच. मग बुढी उठली आणि ती तिच्यामागं गेली.

अक्षय तृतीयेला वडिलांच्या नावाची घागर भरायला शेखर दरवर्षी अकोल्याला येतो. मेलेल्या बापाला थंड पाणी पाजायला अमरावतीहून येतो, जित्या आईला घोटभर पाजायला नाही. त्या दिवशी मीही जेवायला होते. पुरणाच्या पोळीवर तूप वाढेपर्यंत दम धरला, मग धरवला नाही.

"शेखरभाऊ, आईची पाळी कधी लागते तुमच्याकडं?"

देवीदासभाऊ ताटात पाहू लागले. शेखर हसला. गोड हसतो तो, मास्तर आहे. "अवो ताई, वहिनी तं इथं मजेत हाये. दिवसभर पिच्चर काढून राहिली म्हणतात! आमच्या घरच्या बाईले तं डोकं विंचरायले टाइम नाई. नाई का, वहिनी?"

पाहिलंत? बाई रडत बसली असती तर 'सवय झाली तिले' म्हणाला असता. तिनं स्वतःला एक खेळ शोधला, तर म्हणे मजेत आहे. मी ताट सरकवलं. म्हटलं, "वहिनी, आणा तो फोन. दाखवाच याला."

शकुननं फोन आणला नाही. हात धुतले, पदराला पुसले, कमरेची किल्ली काढली आणि शेखरच्या ताटाशेजारी ठेवली.

"भाऊजी, एक काम करसान का माह्यं? तठी कळीले लाल दोरा बांधला हाय. पिच्चर लावून ठेवला हाय. आत्याबाईले त्या झाडापाशी जाऊ देऊ नका, उमलेस्तोवर. एवढंच. बसा मायपाशी. मी येतो जाऊन."

"कुठी?" देवीदासभाऊंनी विचारलं.

"इथंच."

चार माणसांत नाही म्हणायची सोय नव्हती. शेखर म्हणाला, "त्यात काय एवढं! जा ना वहिनी, बिनधास्त."

फाटक उघडलं. शकुन बाहेर पडली आणि थांबली. डावीकडं जायचं की उजवीकडं, हे तिला ठरवता येईना. मीही तिच्यामागं निघाले होते; ती वळली तिकडं वळले. मोर्णेच्या पुलावर आलो. नदीत पाणी कमी, जलपर्णी जास्त. ती कठड्याला धरून उभी राहिली. मी म्हटलं, फोन आणला असता तर इथं पिच्चर झाला असता. म्हणाली, "नाई ताई. इथं मी हळूहळू पाहीन."

मग म्हणाली, स्टँडवर जाऊ.

स्टँडवर धारणीची गाडी उभी होती. पाटीवर लिहिलेलं तिनं बोट न ठेवता, पण ओठ हलवून वाचलं. गाडीच्या पत्र्याला हात लावला. उन्हानं तापलेला पत्रा, तरी हात उचलला नाही.

कंडक्टर म्हणाला, "बसता का, बाई?"

"नाई. पाहून राहिली."

"पाहाले काय गाडी हाय का हे? बसा नाई तं सरका."

मी त्याच्यावर तडकणार होते, तिनं माझा दंड धरला. मी म्हटलं, "वहिनी, बसा! खरंच बसा. मी आहे, शेखर आहे, भाऊ आहेत. एक रात्र बुढी काही मरत नाही." ती पायरीकडं पाहत राहिली. मला वाटलं बसते. देवाशपथ वाटलं.

"आत्याबाई दुसऱ्याच्या हातानं पाणी पीत नाई," ती म्हणाली. "चला. कळी उमलाले आली असन."

गाडी निघून गेली. आम्ही चालत परत आलो.  

घरी पोचलो तर शेखरचा शर्ट घामानं चिंब, चष्मा कपाळावर. बुढी खाटेवर शांत बसून गजरा ओवत होती.

"जाऊ नाई दिलं!" शेखर दारातूनच ओरडला. "एकडाव नाई जाऊ दिलं झाडापाशी. पण बाप्पा, काय चालते ही! विचारा दादाले."

शकुन झाडाशी गेली. देठाला लाल दोरा होता. कळी नव्हती.

"मी नाई! माय नाई! मायची आण," शेखर म्हणाला.

शकुननं फोन काढला, आणि आम्ही सगळे तिच्याभोवती उभे राहिलो. पिच्चर सुरू झाला. कळी. मागं अंगण. शेखर खुर्चीत ऐटीत बसला. बुढी उठली, शेखर उठला. बसवलं. उठली. फाटकाशी गेली, कुलूप हलवू लागली. शेखर धावला, आणलं. पाणी दिलं, तिनं सांडलं. पुसलं. उठली. शेखर मागं, बुढी पुढं; खाट, नळ, फाटक, खाट. देवीदासभाऊ एका कोपऱ्यात घोरत होते, तेही दिसले. मास्तर धोट्यासारखा इकडून तिकडं, तिकडून इकडं. आम्ही हसायला लागलो. शेखरही हसत होता. मग पिच्चरमध्ये बुढी एकदाची टेकली, शेखर कपाळ पुसत झाडाजवळ आला, कळी टपोरी झाली होती, वरची पाकळी सुटायच्या बेतात होती, आणि अमरावतीला वीस वर्षं फळ्यावर लिहिणारा तो हात पुढं आला. खुडून गेला.

मग शकुन हसली. भिंतीला टेकून, पदर तोंडावर घेऊन, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. मी तिला तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. ते सगळं हसणंच होतं का, ते मला सांगता येणार नाही.

शेखर हसत नव्हता. त्यानं पिच्चर पुन्हा लावायला सांगितला. दुसऱ्यांदा पाहताना तो कळीकडं पाहत नव्हता. मग तो आईपुढं उकिडवा बसला.

"माय, मी कोण होय?"

बुढीनं त्याच्याकडं नीट पाहिलं. "गिऱ्हाईक," ती म्हणाली. "आज फूल सरले, बाबू. उद्या ये."

शेखरनं चष्मा पुसून डोळ्यांवर घेतला. मग उठला, पिशवी घेतली. किल्ली शकुनच्या हातात दिली. म्हणाला, "वहिनी, शाळेले सुट्ट्या लागल्या म्हणजे पाहू."

मी म्हटलं, "सुट्ट्या लागल्यात, मास्तर. उन्हाळा आहे."

"पाहू, ताई." आणि अमरावतीच्या गाडीला गेला.

बडनेऱ्याहून त्याचा फोन आला. शकुननं स्पीकरवर घेतला, हात कणकेत होते. "वहिनी, ते कळी माह्या खिशात होती. आता काढली तं पूर्ण उमलली हाय. डब्ब्यात वास सुटला."

"उमलताना दिसली का?"

"नाई ना. खिशात होती."

ती थांबली. त्यानं आणखी काही बोलावं म्हणून थांबली असावी. मीही थांबले. तो म्हणाला, "बरं मंग, ठेवतो," आणि ठेवला. आईबद्दल चकार शब्द नाही.

शकुननं कणीक मळली. फाटकाचं कुलूप ओढून पाहिलं. मग तराजूचं पारडं धुवून उलटं घातलं, दुसऱ्या दिवशीसाठी.

हे मी उगाच तुमच्या मनोरंजनासाठी लिहिलेलं नाही. मंगळवारची दुपार मी बुढीपाशी बसते. आता ती माझ्या हातानं पाणी पिते. एका दुपारीत शकुन पुलापर्यंत जाते, स्टँडपर्यंत जाते, आणि परत येते. धारणी एका दुपारीत होत नाही. त्याला सलग दोन दिवस लागतात, आणि माझ्या एकटीच्यानं ते होत नाही. मोगरा अजून आहे, पाऊस लागेपर्यंत राहील. अकोल्यात असाल तर या. जुन्या शहरात मोगरेवाले देवीदास कुठं राहतात ते कोणीही सांगेल. अकोल्यात नसाल तर तुमच्याच गल्लीत आतून कुलूप लावलेलं एक फाटक असेल, तिथं जा. फळं नेऊ नका, बिस्किटं नेऊ नका, तब्येतीची चौकशी करून पळू नका. आत जा, त्या बाईला म्हणा, "जा तू, मी बसते," आणि ती परत येईपर्यंत खरंच बसा.

आणि अंगणात कुठं लाल दोरा बांधलेली कळी दिसली, तर तेवढा एक हात मागं घ्या.